बाईचा सूर आधी: जोडीनं लोकगीत गायला शिकणाऱ्यांसाठी

आमच्या गावच्या भजनी मंडळात मी बरीच वर्षं पेटी वाजवतो. गुरुवारच्या भजनाला बायाही येतात, मागच्या सतरंजीवर बसून ध्रुपद (गाण्यात फिरून फिरून येणारी ओळ) मागं म्हणतात. त्यांतल्या एका वहिनींचा गळा गोड आहे हे साऱ्या गावाला ठाऊक, कारण भुलाबाईच्या (पोरी-बाया अंगणात गाणी म्हणतात त्या सणाच्या) महिन्यात त्यांच्या अंगणातलं गाणं पार चावडीपर्यंत ऐकू येतं. भजनात मात्र त्यांचा आवाज कधी यायचाच नाही. आम्ही समजायचो, लाजतात. एका कोजागिरीला आमच्या बुवांचा घसा बसला. मी पेटीची पट्टी, म्हणजे गाण्याचा सा जिथं धरतात ती जागा, काळी दोनवरून (सप्तकातल्या दुसऱ्या काळ्या पट्टीवरून) काळी चारला नेली आणि म्हटलं, "वहिनी, आज तुम्हीच उचला." त्यांनी उचललं, आणि बुवा खालून, बसक्या आवाजात, हळूच त्यांच्या मागं आले. त्या रात्री दुधाचं पातेलं तसंच राहिलं, कुणी उठलं नाही. काळी दोनमध्ये वहिनींचा गळा खाली पुरत नव्हता आणि वर चिरकत होता, एवढीच गोष्ट होती. इतकी वर्षं आम्ही त्यांना त्यांची पट्टी दिलीच नव्हती.

बाई आणि पुरुष मिळून लोकगीत गातात तेव्हा जे अंगावर येतं, ते कसं साधायचं हे नव्या माणसाला कळावं म्हणून हा लेख. दोन माणसं, एक पेटी (नसली तर फोनवरचा तानपुरा) आणि एक साधं गाणं एवढ्यावर काम भागतं. शास्त्रीय शिक्षण झालेलं असण्याची गरज नाही.

आधी कान तयार करा

पहिला आठवडा गायचं नाही, फक्त ऐकायचं.

विदर्भातल्या गाण्यात बाया आणि गडी बहुतेक वेगवेगळे गातात. जात्यावरची ओवी बायांची, भुलाबाई पोरींची, भंडारा-गोंदियाकडे रोवण्याच्या (भातलावणीच्या) चिखलात वाकून म्हटलेली गाणी बायांची. पोळ्याच्या झडत्या (बैलपोळ्याला म्हणायची कवनं) गड्यांच्या, खंजेरी भजन बहुतांशी गड्यांचं. दंडारीत आणि खडी गमतीत, म्हणजे आपल्याकडच्या लोकनाट्यांत, तर बाईचं सोंगही पुरुषच घ्यायचा. झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकात आता बाया उभ्या राहून गातात. दिवाळीनंतर वडसा, ब्रह्मपुरी भागात रात्रभर चालणारं एखादं नाटक नुसतं गाण्यासाठी बघा. बाजूला बसलेले वादक बाईचं पद आलं की पट्टी कशी बदलतात, इकडे कान ठेवा.

दोघांचं एकत्र गाणं आपल्याकडे नव्हतंच असं मात्र नाही. गडचिरोलीच्या गोंड-माडिया गावांत रेला गाताना एक ओळ एका गटाची, तिचं उत्तर दुसऱ्याचं, आणि त्यात पोरं-पोरी दोघंही असतात. पुसद, दिग्रसकडच्या तांड्यांवर होळीत लेंगी (बंजाऱ्यांची होळीची गाणी) रंगते, तिथंही बाया आणि गडी दोघं गातात. यांत सूर बहुधा एकच असतो, पण ओळ हातातून हातात जाते. जोडगाण्याची पहिली पायरी हीच.

दुसरी पायरी, म्हणजे एकाच वेळी दोन वेगळे सूर, पश्चिमेकडच्या लोकसंगीतात फार फुलली. न्यूयॉर्कमध्ये 1961 साली जमलेल्या पीटर, पॉल अँड मेरी या तिघांत एक बाई आणि दोन पुरुष होते. अलीकडचं घ्यायचं तर द सिव्हिल वॉर्स ही जोडी ऐका, जॉय विल्यम्स आणि जॉन पॉल व्हाइट यांची. 2012 मध्ये त्यांना लोकसंगीताच्या अल्बमचं ग्रॅमी मिळालं आणि 2014 मध्ये ते वेगळे झाले. शब्द नाही कळले तरी चालेल. दोघांपैकी कोण कधी मागं सरतो, तेवढं बोटावर मोजा. चांगल्या जोडीत ही देवाणघेवाण दर दोन ओळींनी होते.

जोडी कुणाची आणि बसायचं कुठं

हा प्रश्न टाळून चालत नाही, म्हणून उघड लिहितो. गावात परक्या बाईनं परक्या गड्यासोबत गायलं की कुजबुज होते, आणि त्यापायी कितीतरी गळे घरातच राहतात. वर सांगितलेल्या अमेरिकी जोडीतही दोघांचे संसार वेगवेगळे होते, तरी ऐकणारे त्यांना नवरा-बायकोच समजायचे. दोन आवाज जुळले की ऐकणाऱ्याच्या मनात गोष्ट तयार होते, ती थांबवता येत नाही. पण ती कोणती गोष्ट असावी, हे गाणं निवडताना ठरवता येतं.

माझं म्हणणं असं की आपल्याकडे भाऊ-बहिणीचं गाणं निवडावं. आपल्या ओव्यांमध्ये भाऊ जागोजागी आहे. तो दिवाळीला घ्यायला येतो, बैलगाडी जुंपतो, चोळी आणतो, कधी वाट बघायला लावून येतच नाही. बाई शंभर ओव्या त्याच्या नावानं म्हणते, पण त्या भावाला स्वतःचा आवाज ओवीत मिळत नाही. तो आवाज पुरुषानं द्यायचा. बहीण वाट बघतेय आणि खालून, लांबून आल्यासारखा भावाचा सूर येतो. हे एकदा ऐकलं की प्रेमगीताची आठवणही होत नाही. शिवाय सख्खी भावंडं, दीर-भावजय, नवरा-बायको, बाप-लेक, कुणीही हे संकोच न बाळगता गाऊ शकतात.

सराव ओसरीवर करा, दार उघडं ठेवून, घरचे आसपास असताना. यात भिंतीचाही फायदा आहे. ओसरीला मागं भिंत आणि पुढं अंगण असतं, त्यामुळे स्वतःचा आवाज परत ऐकू येतो आणि घुमतही नाही. टिनाच्या शेडमध्ये सराव करू नका, तिथं सगळेच गोड वाटतात. वेळ संध्याकाळच्या जेवणाआधीची. बाईला स्वयंपाक असतो, म्हणून भाकरी उशिरा झाली तर चालेल हे घरात आधी ठरवून घ्या. हे न ठरवल्यामुळे बंद पडलेले सराव मी पाहिले आहेत.

गाणं आणायचं कुठून

घरातल्या म्हाताऱ्या बाईकडून. फोन बाजूला ठेवून रेकॉर्ड करा, पण आधी विचारा: "आजी, तुमचं गाणं भरून घेऊ का?" बहुतेक जणी म्हणतील, "मले कुठं येते बापा गाणं?" आणि मग तासभर गातील. गाव, तारीख, आणि गाणं कुठल्या कामाच्या वेळचं, एवढं लगेच लिहून ठेवा. शब्द सुधारू नका. कळला नाही तो शब्द जसा ऐकला तसाच लिहा.

पहिलं गाणं थोड्या सुरांत फिरणारं हवं. पाच सुरांचं मिळालं तर उत्तम, त्याचं कारण पुढं येईल.

पट्टी

इथं घाई करू नका. जोडगाणी बिघडतात ती नव्वद टक्के इथंच, असं माझं मत आहे.

आवाज म्हणजे कंप. साधं बोलताना पुरुषाच्या गळ्यात सेकंदाला सुमारे 100 ते 130 कंप होतात, बाईच्या गळ्यात सुमारे 190 ते 220. सा आणि वरचा सा यांत बरोबर दुपटीचं नातं असतं. म्हणून "दोघं एकच सूर गातो" असं आपण म्हणतो तेव्हा बाई बहुधा एक सप्तक वर असते. अडचण अशी की दोन गळ्यांच्या सोयीच्या जागा नेमक्या एका सप्तकाच्या अंतरावर नसतात. पुरुषाला साधारण काळी एक-दोन सोयीची पडते, बाईला काळी चार-पाच. पुरुषाच्या पट्टीत बसवलेली बाई खाली गायली तर आवाज विहिरीतून आल्यासारखा होतो, सप्तक वर चढली तर किंचाळल्यासारखा. मग ती गप्प बसते आणि आपण म्हणतो, लाजते.

म्हणून क्रम उलटा धरा. पेटी मिटलेली राहू द्या. बाईला तेच गाणं कामात असल्यासारखं, आपल्या मनानं म्हणू द्या, निदान दोनदा. गाण्यातला सगळ्यात वरचा शब्द जिथं लागला, तो सूर आता पेटीवर शोधा. तिथून चालीचा सा काढा. तो आला, समजा, काळी पाच, तर एक पट्टी खाली या, पांढरी सहा धरा, किंवा आणखी एक उतरून काळी चार. घरात सहज लागणारा वरचा सूर चार लोकांसमोर, रात्रीच्या गार हवेत, माईकपुढं तसा लागत नाही. मग खालचा शब्द तपासा. तो नुसता वाऱ्यासारखा येत असेल तर पुन्हा अर्धा सूर वर. ही ओढाताण दोन-तीन संध्याकाळी चालते, चालू द्या. ठरलेली पट्टी वहीत गाण्याच्या डोक्यावर लिहा.

पुरुषानं आपली जागा यानंतर शोधायची. त्याला तीन वाटा आहेत. चाल थोड्या सुरांची असेल आणि पट्टी पांढरी चार किंवा काळी तीन अशी मधली बसली असेल, तर दोघं खरोखर त्याच सुरावर गाऊ शकतात. बाई तिच्या खालच्या अंगानं, पुरुष त्याच्या वरच्या अंगानं. यातून जो आवाज येतो तो जरा खरबरीत असतो, पण मातीला जवळचा, मला फार आवडतो. दुसरी वाट, पुरुषानं तीच चाल एक सप्तक खाली म्हणणं. याला गळा खर्जाचा, म्हणजे खूप खाली उतरणारा, लागतो. तिसरी वाट दुसऱ्या सुराची, ती पुढं सांगतो.

शास्त्रीय गायनात पंडित जसराज यांनी यावर एक सुंदर तोड काढली, तिला जसरंगी म्हणतात. पुरुष आणि बाई आपापल्या पट्टीत, वेगवेगळे राग गातात. पुरुषाचा मध्यम तो बाईचा सा, आणि पुरुषाचा सा तो बाईचा पंचम. आपल्याला तिथवर जायचं नाही. एवढ्या मोठ्या गवयालाही बाईला तिची स्वतःची पट्टी द्यावीशी वाटली, हे मात्र मंडळातल्या हट्टी बुवांना जरूर सांगा.

एक सूर, मग वाटणी

पहिले पंधरा दिवस एकाच चालीत गा. फोनवर सा-पचा तानपुरा लावा, आवाज बारीक ठेवा. दोघांनी समोरासमोर बसायचं, तोंडं दोन हात अंतरावर. आधी नुसता सा, श्वास पुरेल तोवर. सूर नीट मिळाला की दोन आवाजांतली थरथर थांबते आणि कानात एकच धार उरते. ती थरथर ओळखता येणं हे अर्ध्याहून जास्त शिक्षण आहे. ती ऐकू येत नसेल तर दोघांपैकी एकानं मुद्दाम किंचित खाली घसरून पाहावं, लगेच कळेल.

मग ओळी वाटा. एक कडवं बाईचं, एक पुरुषाचं, ध्रुपद दोघांचं. यात एक चूक सगळे करतात: आपली ओळ संपली की श्वास सोडून मोकळे होतात. आपली ओळ संपताना दुसऱ्याकडे बघायचं आणि शेवटचा सूर त्याच्या पहिल्या अक्षरापर्यंत धरून ठेवायचा. रोवण्यात पऱ्ह्याची (भाताच्या रोपांची) पेंढी बांधावरून फेकतात, झेलणारी तयार आहे हे बघूनच फेकतात ना? तसं.

दुसरा सूर

आपलं संगीत एका सुरामागून दुसरा असं चालतं. तरी कोणते सूर एकमेकांशी बोलतात याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. नऊ किंवा तेरा श्रुतींच्या (सप्तकाच्या बारीक पायऱ्यांच्या) अंतरावरच्या सुरांना भरताच्या नाट्यशास्त्रात संवादी म्हटलं आहे, म्हणजे सा-म आणि सा-प यांचं नातं. तेच कानात ठेवून पुढचं करा.

चाल भूप रागाच्या पाच सुरांत, सा रे ग प ध यांत, असेल तर नियम एका वाक्यात मावतो: मधला एक सूर सोडायचा आणि पुढचा घ्यायचा. बाई सा म्हणते, पुरुष ग. तिचा रे, त्याचा प. तिचा ग, त्याचा ध. तिचा प, त्याचा वरचा सा. तिचा ध, त्याचा वरचा रे. यांतली कुठलीही जोडी कानाला टोचत नाही. म नाही आणि नी नाही म्हणून हे जमतं. ते दोन सूर आले की नियम डगमगतो, तिथं दुसरा सूर सोडून दोघांनी एकत्र यावं.

सरावाला मी एक ओळ बांधली आहे:

उगवला दिवस, माय वावरात गेली

बाईची चाल अशी: उगवला (सा रे ग ग), दिवस (प ग रे), माय (ग रे), वावरात (सा रे ग), गेली (रे सा).

पुरुषाची अशी: उगवला (ग प ध ध), दिवस (वरचा सा, ध, प), माय (ध प), वावरात (ग प ध), गेली (प, सा).

शेवट पाहा. नियमानं "गेली"च्या "ली"वर पुरुषाला ग यायला हवा, पण तिथं त्यानं नियम सोडून साला यायचं. ओळ संपताना दोघं घरी आलेले हवेत. ग वर थांबलात तर माय वावरात निघाली पण पोचली नाही असं वाटतं. मधल्या कडव्याला तसं मुद्दाम केलं तर छान, शेवटच्या कडव्याला नको.

आणि हे सूर पुरुषानं बाईच्या वर चढून गायचे नाहीत. आपल्या सप्तकात, तिच्या खाली गायचे. पट्टी काळी चार असेल तर ते पुरुषाच्या गळ्यात अगदी मधोमध, बोलल्यासारखे पडतात. खाली गेल्यानं नातंही बदलतं: तिच्या रे खाली त्याचा प आला की दोघांत पंचमाचं अंतर होतं, आणि गाण्याला खालून ओटा बांधल्यासारखा आधार मिळतो. बुवांनी त्या कोजागिरीला बसक्या घशानं नकळत काहीसं हेच केलं होतं.

सुरुवातीला पुरुष बाईच्या चालीत ओढला जाईल. सगळेच ओढले जातात. उपाय असा की त्यानं आपली ओळ आधी एकट्यानं, स्वतंत्र चाल म्हणून, पाठ करावी, बैलाला पाणी दाखवताना गुणगुणता येईल इतकी. मग बाईनं अगदी हळू आवाजात तिची ओळ धरावी. कानात बोट घालून गाऊ नका. ऐकणं बंद करून टिकवलेला सूर जोडीच्या कामाचा नाही.

अख्खं गाणं दोन सुरांत गाऊ नका. मला तर चार कडव्यांच्या गाण्यात एक कडवं आणि शेवटचं ध्रुपद एवढ्यातच दुसरा सूर पुरेसा वाटतो. कापूस वेचून घरी येणारी बाई कडवंभर एकटीच बोलली पाहिजे, तेव्हाच भावाचा सूर आला की ऐकणाऱ्याचा गळा दाटतो. उलटंही करून पाहा: चाल पुरुषाकडे, दुसरा सूर बाईकडे. फक्त तेव्हा पट्टी पुन्हा पहिल्यापासून तपासा.

तोंड आणि श्वास

वऱ्हाडात आपण डोळ्याला डोया म्हणतो, जवळला जवय. जोडीतला एक "डोळे" आणि दुसरा "डोये" म्हणाला तर सूर जुळूनही आवाज फाटतो. कुठलं म्हणायचं ते ठरवा. जुन्या बाईकडून गाणं घेतलं असेल तर तिनं म्हटलं तेच म्हणा. तसंच आ, ए, ओ म्हणताना दोघांची तोंडं सारखी उघडली पाहिजेत. एकमेकांच्या ओठांकडे बघून आठवडाभर गायलं की हे आपोआप होतं. श्वास कुठं घ्यायचा तिथं वहीत उभी रेघ मारा आणि दोघांनी तिथंच घ्या.

खंजेरी आणि माईक

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे खंजेरी आपल्या हाडात आहे. मोझरीच्या गुरुकुंजापासून पार झाडीतल्या गावांपर्यंत तिच्याशिवाय भजन होत नाही. पण जोडगाण्यात तिची थाप शब्दावर पडली की दुसरा सूर ऐकूच येत नाही. ध्रुपदाला मोकळी वाजवा, कडव्याला बोटांनी, आणि दुसरा सूर येतो त्या कडव्यात पूर्ण थांबवून नुसता टाळ धरा. पेटीवाल्यानंही त्या वेळी चाल वाजवू नये, फक्त सा आणि प दाबून ठेवावा. मला स्वतःला हे शिकायला फार दिवस लागले, हात चालीमागं धावतोच.

मंडपात दोन माईक मिळाले तरी एकच मागा. अमेरिकेतल्या जुन्या लोकगायकांची हीच रीत होती: एका माईकभोवती उभं राहायचं आणि पुढं-मागं सरकून आवाज कमी-जास्त करायचा. दोन माईक असले की साउंडवाला एकाचा आवाज चढवतो, आणि तो बहुधा पुरुषाचा असतो. बाई माईकपासून एक वीत, पुरुष तिच्या बाजूला अर्धं पाऊल मागं. आपली ओळ आली की तो पुढं येईल, ती मागं जाईल. साउंडवाल्या भाऊला आधीच भेटून इको बंद करायला सांगा. तो म्हणेल, "इकोशिवाय गाणं कोरडं वाटते जी." एक ओळ इकोसह आणि एक त्याविना गाऊन दाखवा, दुसरा सूर कशात कळतो ते त्यालाच ऐकू द्या.

पहिल्यांदा चारचौघांत

मोठ्या मंचापासून सुरुवात नको. भुलाबाईच्या शेवटच्या रात्री, कोजागिरीला, अंगणात बायाच जास्त असतात आणि गाणी त्यांच्या ओळखीची असतात. तिथं एक गाणं म्हणा. नाहीतर सामुदायिक प्रार्थना संपल्यावर दहा मिनिटं मागून घ्या.

गाणं सुरू करण्याआधी पेटीचा सा पूर्ण दोन श्वास ऐका, लोक खोळंबले तरी. मधेच सूर हरवला तर पुरुषानं थांबायचं आणि बाईनं चाल पुढं न्यायची, हे आधी ठरलेलं असू द्या. पुढच्या ध्रुपदाला तो पुन्हा येऊन मिळतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, असंच बसवलं होतं. गाणं संपलं की लगेच उठू नका. शेवटचा सा दोघांनी एकत्र सोडायचा, तोवर पेटीचा भाता चालू ठेवा.